डूम ऐकायला घेतोयस, तर

भावा, एमएफ डूम या रॅपरची सुरुवात 'मॅडव्हिलनी'पासून (2004) करू नकोस, कुणी कितीही सांगू दे. मॅडलिब या बीट बनवणाऱ्या प्रोड्यूसरसोबतचा तो अल्बम नादच आहे, पण 22 ट्रॅक, बरेचसे दोन-अडीच मिनिटांत खलास, कोरस जवळजवळ नाहीच. नवख्याच्या डोक्यावरून जातं. आधी त्याच वर्षीचा 'एमएम..फूड' लाव. खाण्यापिण्याची नावं, जुन्या कार्टूनमधले संवाद; सांगली-कोल्हापूर एसटीत आरामात ऐकून होतो.

मग 'ऑपरेशन: डूम्सडे' (1999). रेकॉर्डिंग जरा मळकट, पण माणूस कळतो तो इथंच. 1993 मध्ये त्याचा भाऊ सबरॉक अपघातात गेला, पुढच्याच वर्षी रेकॉर्ड कंपनीनं दोघांच्या केएमडी ग्रुपचा तयार अल्बम अडवला. त्यानंतर काही वर्षं गायब राहून गडी परतला तो तोंड झाकूनच. (विष्णुदास भाव्यांच्या सांगलीत सोंगाचं नवल काय म्हणा!)

आता 'मॅडव्हिलनी'. इयरफोन लावून त्यातलं 'अकॉर्डियन' हे गाणं ऐक, लिरिक्स समोर ठेव. मागं पेटीसारखा एकच सूर फिरत राहतो आणि यमक ओळीच्या शेवटाची वाट न बघता मधेच चार-चार वेळा पडतं. तरी ताल सुटत नाही.

व्हिक्टर व्हॉन, किंग गीडोरा ही नावंसुद्धा त्याचीच सोंगं. ती सावकाश घे.