मी समुपदेशन सोडून देऊ का?

मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या, समुपदेशनाची पदविका घेणाऱ्या मुली माझ्याकडे येतात (मुलगेही येतात, पण कमी) तेव्हा त्यांच्या मनात दोन काळज्या असतात. पहिली पोटाची, यात पैसे मिळतात का? दुसरी जरा चाचरत विचारली जाते. रोज दुसऱ्यांचं दुःख ऐकून आपणच खचणार नाही ना? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी हल्ली एका मुलीच्या अनुभवातून देते. ती स्वतः समुपदेशक आहे. तिच्या परवानगीनं हे लिहिते आहे. तिची, शाळेची आणि एका विद्यार्थ्याची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. लग्न होऊन नाशिकला इंदिरानगरला आली आणि शहराबाहेरच्या एका मोठ्या शाळेत समुपदेशक म्हणून लागली. माझ्याकडे आली ती मार्चअखेरीस. मी "तुम्ही" म्हणून बोलायला लागले तर म्हणाली, "ताई, अगंतुगं करा. नाहीतर शाळेतच बसल्यासारखं वाटतं." मग मोबाइल पुढे केला. त्यात राजीनाम्याचा मजकूर टाइप करून ठेवला होता, फक्त पाठवायचा बाकी होता.

"मला मुलांचं ऐकायला आवडायचं. आता दारावर टकटक झाली की नको वाटतं. एखादी मुलगी रडायला लागली की मी मनात घड्याळ बघते. मी या कामाला लायकच नाही बहुतेक."

मी आधी झोपेबद्दल विचारलं. नीट झोप नव्हती, भूक नव्हती, जिना चढताना दम लागत होता. मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारलं. समोरचा समुपदेशक असला म्हणून हा प्रश्न वगळायचा नसतो. ती "नाही" म्हणाली. मग तिला डॉक्टरांकडे पाठवलं. तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघालं. सगळा थकवा मनाचा आहे असं गृहीत धरून बोलत बसलो की अशी साधी गोष्ट निसटते.

पुढच्या भेटीत तिनं जानेवारीतली हकीकत सांगितली. बारावी सायन्सचा एक मुलगा तिच्या खोलीत येऊन म्हणाला होता, "मला जगायचंच नाहीये. पण मॅडम, शप्पथ घ्या, घरी सांगणार नाही." तिनं शप्पथ घेतली आणि आपला नंबर दिला. तो रात्री अकराला, कधी एकला मेसेज करायचा. ती उशाशी फोन ठेवून जागी राहायची. उत्तर यायला उशीर झाला तर बाल्कनीत येरझाऱ्या घालायची. नवऱ्यालाही काही सांगितलं नाही, कारण गोपनीयता. दोन आठवड्यांनी तिनं शप्पथ मोडली आणि त्याच्या आईला बोलावून घेतलं. आई-वडील त्याला जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले, औषधं सुरू झाली, मुलानं परीक्षाही दिली. सगळं सुखरूप पार पडलं, आणि त्यानंतर हिचीच झोप उडाली.

मी विचारलं, "त्या रात्री त्याला काही झालं असतं तर?"

"तर दोष माझाच."

"आणि तो आता बरा आहे, ते कोणामुळे?"

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "औषधांमुळे. आईमुळे. त्याच्या स्वतःमुळे."

या हिशोबात जमेच्या बाजूला बाकी सगळे होते आणि नावे टाकायला ती एकटी. असा हिशोब घेऊन कोणी वर्षानुवर्षं काम करू शकत नाही, मग मन कितीही खंबीर असो. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना "मन घट्ट करा" असं मी कधी सांगत नाही ते यामुळेच. मन घट्ट केलं की ऐकू येणंच कमी होतं. बदलायचा तो हिशोब.

गोपनीयतेपासून सुरुवात केली. तिला वाटत होतं की गुपित ठेवणं म्हणजे कोणालाच न सांगणं. पण जिवाला धोका असेल तिथे गोपनीयता संपते. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही गोपनीयतेच्या हक्काला अपवाद आहेत. जिवाचा धोका टाळायला आवश्यक तेवढी माहिती उघड करता येते. हे मुलाला पहिल्याच भेटीत, त्यानं काही सांगण्याआधी सांगायचं असतं: "तू बोलशील ते माझ्यापाशी राहील. पण तुझ्या किंवा कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी मोठ्यांना सांगेन, आणि तुला सांगून सांगेन." मग शप्पथ घ्यायची वेळच येत नाही. रात्री एक वाजता मदत लागेल तेव्हासाठी त्याच्या हातात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर द्यायचा. ही सेवा चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. समुपदेशकाचा खासगी मोबाइल ही काही आपत्कालीन सेवा नव्हे. ती झोपेल, आजारी पडेल, माहेरी जाईल, तेव्हा त्या मुलाचं काय?

हे तिला पटलं, पण कुठेतरी लागलंही. म्हणाली, "ताई, मी हे काम पैशासाठी करत नाही. मुलांच्या उपयोगी पडायचं म्हणून आले मी."

इथे मला थांबून लिहायचं आहे, कारण या वाक्यानं मी अनेक चांगली माणसं थकताना पाहिली आहेत. ध्येय खरं असतं, त्याबद्दल मला आदरच आहे. पण ज्याला ध्येय आहे त्याच्यावर काम लादणं सोपं जातं. तिच्या शाळेत ऑफ तासाला तिला वर्गावर पाठवत, बस सुटेपर्यंत फाटकावर उभं करत, परीक्षेत सुपरव्हिजन देत, आणि समुपदेशनाची खोली म्हणजे स्टेशनरीच्या स्टोअररूमला पडदा लावून केलेला कोपरा. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये या थकव्याचं, म्हणजे बर्नआउटचं वर्णन करताना तो आजार म्हटलेला नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की शक्ती आटते, कामाविषयी अलिप्तपणा येतो आणि आपल्याच्यानं काही होत नाही असं वाटू लागतं. मनात घड्याळ बघणं, लायकच नाही असं वाटणं, ही दोन्ही लक्षणं तिच्या पहिल्याच वाक्यांत होती. तिला कोणीतरी रोज ध्यान करायला सांगितलं होतं. ध्यानाला माझा विरोध नाही. पण जे कामाच्या ठिकाणी बिघडलंय ते घरी डोळे मिटून कितीसं दुरुस्त होणार?

मी तिला एका आठवड्याची नोंद करायला सांगितलं, किती मुलं आली, किती वेळ, त्यानंतर मध्ये किती मोकळा वेळ मिळाला. कागद घेऊन आली तेव्हा स्वतःच म्हणाली, "दादा, म्हणजे माझे वडील, वेलीवर झेपतील तेवढेच घड ठेवतात. बाकीचे हिरवे असतानाच काढून टाकतात. लहानपणी मला फार वाईट वाटायचं. ते म्हणायचे, सगळे ठेवले तर एकाचाही मणी फुगणार नाही, आणि वेल पुढच्या सालीही उठणार नाही." मी यात काही भर घातली नाही. तिनं लागोपाठ चारपेक्षा जास्त मुलांना न भेटण्याचं ठरवलं आणि दोन भेटींमध्ये पंधरा मिनिटं ठेवायला सुरुवात केली.

दुसऱ्याला सक्षम करणं याबद्दलही आमचं बरंच बोलणं झालं. तिनं एका मुलीची सहलीची फी स्वतः भरली होती, एकीच्या वडिलांशी भांडून तिला कॉमर्सला घालायला लावलं होतं. मी विचारलं, "त्या मुलीला वडिलांशी बोलता यायला लागलं का?" नव्हतं लागलं. पुढच्या वेळी घरी काही पटलं नाही की ती पुन्हा हिच्याचकडे येणार होती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सनं 1957 मध्ये मांडलेल्या समुपदेशकासाठीच्या अटी तिला परीक्षेमुळे पाठ होत्या: विनाअट स्वीकार, सहअनुभूती, स्वतःशी प्रामाणिकपणा. त्यात दुसऱ्याचं आयुष्य आपण सुधारून द्यायची अट नाही. त्या मुलीबरोबर तिनं नंतर खोलीत सराव केला, वडिलांना काय म्हणायचं, ते चिडले तर काय, आवाज चढला तर कुठे थांबायचं. वेळ जास्त लागला. पण या वेळी घरी बोलली ती मुलगी.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, सुपरव्हिजन. परीक्षेतलं नव्हे. आपल्या केसेस एखाद्या अनुभवी समुपदेशकापुढे, नाव-गाव न सांगता मांडायच्या आणि आपण काय केलं ते तपासून घ्यायचं. आपल्याकडे पदवी मिळाली की हे शिकणं थांबतं. नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या बाजूला आम्ही काही जणी महिन्यातून एकदा भेटतो. ती आता तिथे येते. जानेवारीतली ती केस तिनं तिथे मांडली तेव्हा वीस वर्षं काम केलेल्या एका ताईंनी फक्त एवढंच विचारलं, "तेव्हा तू कोणाला फोन करू शकली असतीस?" आता तिच्याकडे तशी दोन नावं आहेत.

पैशाचं थोडक्यात सांगते. सुरुवातीचा पगार बहुतेक ठिकाणी कमी असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. तिच्या सासूबाई म्हणायच्या, "नुसतं बोलायचे कसले पैसे?" शाळा-कॉलेजांखेरीज सरकारी रुग्णालयांतली समुपदेशन केंद्रं, व्यसनमुक्ती केंद्रं, कौटुंबिक न्यायालय, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतल्या काही कंपन्या, संस्थांचे प्रकल्प असं काम असतं. बरेच जण दोन ठिकाणचं मिळून घर चालवतात. मात्र आपली पदवी काय करू देते हे आधी नीट समजून घ्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, समुपदेशनाच्या पदविकेवर ते होत नाही. 2021च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्यात समुपदेशकांचाही समावेश आहे, म्हणून प्रमाणपत्रं, प्रशिक्षणाचे तास, सुपरव्हिजनच्या नोंदी पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

आणि मुलाखतीला जाल तेव्हा पगाराबरोबर हेही विचारा: बंद दाराची खोली मिळेल का, जिवाच्या धोक्याची केस आली तर निर्णय कोणाबरोबर घ्यायचा, आणि सुपरव्हिजनसाठी महिन्याला अर्धा दिवस मिळेल का. तिनं राजीनामा पाठवला नाही. जूनमध्ये शाळा उघडल्यावर हेच तीन प्रश्न मुख्याध्यापकांपुढे लिहून ठेवले. खोली मिळाली. धोक्याच्या केससाठी तिघांची समिती झाली, त्यात उपमुख्याध्यापिका आहेत. अर्धा दिवस मात्र मिळाला नाही, त्यासाठी ती स्वतःची रजा टाकते आणि पुढच्या जूनला पुन्हा मागणार आहे.