आलेख कागदावर तिरक्या बाजूंच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ कसे काढायचे?

शिरोबिंदू (१, १), (६, २) आणि (३, ५) आहेत आणि एकही बाजू अक्षाला समांतर नाही, म्हणून पाया-उंची सापडत नाही, हीच अडचण ना? मग उंची शोधूच नका. त्रिकोणाभोवती घट्ट बसणारा आयत काढा. त्याची लांबी ६ − १ = ५, रुंदी ५ − १ = ४, म्हणजे क्षेत्रफळ २०. आता त्रिकोणाबाहेर उरलेले तीन कोपरे बघा, तिन्ही काटकोन त्रिकोण आहेत. खालचा ५ × १ ÷ २ = २.५, उजवीकडचा ३ × ३ ÷ २ = ४.५, डावीकडचा २ × ४ ÷ २ = ४. बेरीज ११. उत्तर २० − ११ = ९ चौरस एकक.

अर्धे-मुर्धे चौकोन मोजत बसू नका, त्यात हमखास चुकतं.

पडताळा हवा असेल तर गणितज्ञ जॉर्ज पिक यांचे १८९९ चे सूत्र फार सुंदर आहे: आतले बिंदू + कडेवरचे बिंदू ÷ २ − १ (बिंदू म्हणजे फक्त ज्यांचे दोन्ही निर्देशांक पूर्णांक आहेत ते). इथे आत ७, कडेवर ६ (शिरोबिंदू धरून), म्हणून ७ + ३ − १ = ९. मात्र सगळे शिरोबिंदू पूर्णांकी असले तरच हे चालते.