'घटनाबाह्य' की 'बेकायदा'?

प्रश्न असा: अमेरिकी सरकारचा एखादा निर्णय कोर्टात पडला की आपल्याकडच्या बातम्यांत कधी 'घटनाबाह्य ठरवला' असं येतं, कधी 'बेकायदा ठरवला'. दोन्ही एकच का?

नाही, आणि बहुतेक वेळा 'घटनाबाह्य' हाच शब्द चुकीचा पडतो. भारदस्त वाटतो म्हणून मथळ्यात बसवला जात असावा.

बायडेन सरकारची विद्यार्थी-कर्जमाफी घ्या. अंदाजे 400 अब्ज डॉलरची ही योजना सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये 6 विरुद्ध 3 मतांनी रद्द केली. कशामुळे? सरकार ज्या 2003 च्या कायद्याचा आधार सांगत होतं, तो कायदा एवढी मोठी माफी देण्याची मुभा देत नाही, म्हणून. राज्यघटनेचं कुठलंही कलम मोडलं, असं न्यायालय म्हणालं नाही. इथे 'अधिकारबाह्य' किंवा साधं 'बेकायदा' हेच बरोबर.

2019 चा जनगणनेचा खटला तर आणखी गमतीचा आहे. नागरिकत्वाचा प्रश्न विचारायला राज्यघटनेची आडकाठी नाही, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, आणि तरीही सरकारला अडवलं. मतदान हक्क कायद्याच्या अंमलबजावणीसाठी ही माहिती हवी, हे सरकारने दिलेलं कारण खरं नाही, असं बहुमताचं मत पडलं. म्हणजे निर्णय घ्यायचा अधिकार होता, पण कारण बनावट. 1946 चा प्रशासकीय कार्यपद्धतीचा कायदा कोर्टांना अशी तपासणी करू देतो. मनमानीने घेतलेला निर्णय त्याखाली रद्द होतो. त्यासाठी 'मनमानी' हा आपला रोजचा शब्द चपखल आहे. 'स्वेच्छाचारी' वगैरे शोधत बसू नये.

खरं 'घटनाबाह्य' पाहायचं तर 1998 कडे जावं लागेल. मंजूर झालेल्या कायद्यातल्या खर्चाच्या ठराविक बाबी तेवढ्या खोडण्याचा अधिकार काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, राष्ट्राध्यक्षांना दिला होता. तो देणारा कायदाच क्लिंटन यांच्या काळात घटनाबाह्य ठरला.

हा काथ्याकूट कशाला, तर पुढचा रस्ता कोणता ते या शब्दावर ठरतं. निर्णय बेकायदा ठरला, तर काँग्रेस कायदा बदलू शकते किंवा सरकार नीट कारण देऊन तोच निर्णय पुन्हा घेऊ शकतं. घटनाबाह्य ठरला, तर न्यायालयाने स्वतःच मत बदलावं, नाहीतर घटनादुरुस्ती व्हावी. दुरुस्तीला 50 पैकी 38 राज्यांची संमती लागते. 1895 मध्ये आयकराचा कायदा घटनाबाह्य ठरला, तेव्हा सोळावी घटनादुरुस्ती व्हायला 1913 उजाडलं.

आणि 'रोखला' म्हणजे यातलं काहीच नव्हे. खालच्या कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला, तर निर्णय अजून कसलाच 'ठरलेला' नसतो. तिथे 'स्थगिती' लिहावं.

'असंवैधानिक' हिंदीच्या वाटेने आलेला आहे. अर्थ तोच, पण 'घटनाबाह्य' असताना मला तरी त्याची गरज वाटत नाही.