निलगिरी किंवा सुबाभळीची कीड न लागणारी जात कोणती?

मुंबईत राहून मुरबाडजवळच्या चार एकरांत ब्रिकेटच्या (भुसा दाबून केलेल्या जळणाच्या विटांच्या) लाकडासाठी निलगिरी किंवा सुबाभूळ लावायची आहे, कीड लागणार नाही अशी जात सांगा, असं तुम्ही विचारलंय. सगळ्याच किडींना दाद न देणारी जात नसते. प्रतिकार एकेका किडीपुरता असतो, म्हणून रोपवाटिकेत आधी विचारा : कोणत्या किडीला?

निलगिरीत सांभाळायचं ते गाठी करणाऱ्या माशीपासून, म्हणजे लेप्टोसायबी इन्वेजापासून. मादी जेमतेम सव्वा मिलिमीटरची, पण नराशिवायही प्रजा वाढवते. कोवळ्या पानाच्या मधल्या शिरेत आणि देठात ती अंडी घालते. आधी तिथे बुचासारखा खरखरीत डाग उठतो, मग हिरवा फुगवटा येतो, तो चकचकीत गुलाबी होतो आणि शेवटी निस्तेज तांबडा. त्यावर बारीक गोल भोकं दिसली की माश्या उडून गेल्या समजा. अळी गाठीत बंद असते, फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. उलट तिच्यावर जगणारे परोपजीवी कीटक मरतात. त्यामुळे खरा उपाय योग्य क्लोन, म्हणजे एकाच निवडक झाडापासून केलेली हुबेहूब रोपं, हाच. काही प्रतिकारक क्लोनांवर डाग उठतो, पण गाठ धरत नाही.

रोपं घेताना ट्रेमधली पंचवीस-तीस तरी उचला, पान उजेडाकडे धरून देठ आणि शीर बघा. एकाही रोपावर फुगवटा दिसला तर ती खेप घेऊ नका. आणि कृपा करून चारही एकर एकाच क्लोनचे करू नका! तीन-चार क्लोन घ्या, प्रत्येकाचा वेगळा पट्टा ठेवा. एकाच ओळीत मिसळले तर जोमदार क्लोन बाकीच्यांना सावलीत दाबतो. युरियाचा मारा टाळा, त्याने माशीला हवी तशी कोवळी फूट येते. तोडणीनंतर बुंध्यातून येणारे फुटवेही तितकेच नाजूक. तेव्हा निदान पंधरा दिवसांनी चक्कर हवीच.

सुबाभळीवर सायलिड ही रस शोषणारी बारीक कीड येते. ती १९८८ मध्ये भारतात पोचली. के-८ ही सुबाभळीची जात वाढीला उत्तम, पण हिला बळी पडते. सुबाभळीचा ल्युसिना पॅलिडा या तिच्याच कुळातल्या झाडाशी केलेला केएक्स-२ हा संकर बराच तग धरतो. ही कीड थंडीत शेंड्यांवर वाढते. पिवळसर पिल्लं रस शोषतात, शेंडा आखडतो, खालच्या पानांवर चिकट थर आणि काळी बुरशी येते. ढालकिडे तिला खातात, त्यांना जपा. तोडणी मेअखेरीस केली तर नवी फूट पावसात वाढते आणि जोरदार सरींनी पिल्लं धुऊन जातात. ऑक्टोबरात तोडलीत तर कोवळे शेंडे नेमके थंडीत तिच्या तोंडी जातात.