भाड्याने देण्यासाठी पहिला फ्लॅट घेताना

प्रश्न : शिवाजी विद्यापीठाजवळ भाड्याने देण्यासाठी ४५ लाखांचा फ्लॅट पाहिला आहे. “आणखी दोन गिऱ्हाइके आहेत, आजच टोकन द्या,” असा एजंटचा आग्रह आहे. काय करावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : टोकन आज देऊ नका. महिना १२,००० रुपये भाडे धरले, तरी वर्षाचे १,४४,००० रुपये, म्हणजे किमतीच्या जेमतेम ३.२ टक्के होतात आणि त्यातूनही घरफाळा, देखभाल खर्च व सुट्टीतले रिकामे महिने वजा जातात. ३० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे २६,००० रुपये येतो. भाडे वजा जाता उरलेले १४,००० रुपये दरमहा पगारातून घालणे झेपेल का, हे घरच्यांसोबत बसून ठरवा.

विद्यापीठाचा परिसर उंचावर आहे, परंतु स्वस्त म्हणून कोणी पंचगंगेच्या बाजूचा फ्लॅट सुचवला, तर २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी कुठवर आले होते, हे एजंटला नव्हे, शेजाऱ्यांना विचारा. मला ही चौकशी सर्वांत मोलाची वाटते. प्रॉपर्टी कार्ड (जागेच्या मालकीचा सरकारी उतारा), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला) आणि जुने बोजे, म्हणजे फ्लॅटवरची आधीची कर्जे, वकिलाकडून तपासून घ्या. विद्यार्थी भाडेकरूंना सोसायटीची हरकत आहे का, हेही आधीच विचारा.

भाडेकरार लेखी व नोंदणीकृतच करा; महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते.