२६ इंची ट्रायल्स सायकलला १८:१५ घ्यावा की १८:१३?

१८:१५ घ्या. सुरुवात करणाऱ्यासाठी माझं हेच ठाम मत आहे. (ट्रायल्स म्हणजे पाय न टेकवता अडथळ्यांवरून उड्या मारत सायकल नेण्याचा खेळ. १८:१५ गिअर म्हणजे पुढच्या चकतीला १८ दाते, मागच्या चकतीला १५.)

गिअर किती जड हे काढायला पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा व्यास, एवढाच हिशोब. आकडा मोठा तितका गिअर जड. १८:१५ म्हणजे १.२, गुणिले २६ केलं की साधारण ३१. वीस इंची सायकलवर सर्रास दिसणारा १८:१२ घेतला तर १.५ गुणिले २०, म्हणजे ३०. चाकं वेगळी, पण पायाला जाणवणारं वजन जवळपास सारखंच. १८:१३ मात्र थेट ३६ वर जातो.

हा फरक मागच्या चाकावर उभं राहिल्यावर कळतो. ब्रेक दाबलेला, पुढचा पाय पेडलवर, आता ब्रेक सोडून एकच झटका द्यायचा. पेडलच्या पाव फेरीत १८:१५ वर सायकल साधारण ६२ सेंटीमीटर सरकते, १८:१३ वर ७२. लांब उडीला ते दहा सेंटीमीटर हवेहवेसे वाटतात, पण जड गिअरवर झटका उशिरा बसतो आणि तोपर्यंत तोल गेलेला असतो. उलट गिअर फारच हलका असेल तर पाय खाली पोचतो आणि उडीला जोरच मिळत नाही.

सहा महिन्यांनी हलकं वाटू लागलं तर मागे १४ दात्यांची चकती लावा. एकेकच दाता बदला. चकती बदलली की चेनचा ताण नक्की तपासा. पूर्ण जोर लावताना चेन सटकली तर गुडघा सरळ हँडलवर आपटतो.