एकसारखे चित्र दोन रशियन पेट्यांवर दिसले, तर त्या छापील समजायच्या का?

आपल्याला आवडलेल्या, पालेख या रशियन गावच्या रोगणाच्या पेटीवरचे राजपुत्र इवान आणि राखाडी लांडगा यांच्या लोककथेचे चित्र दुसऱ्या पेटीवरही जवळजवळ तसेच दिसले, एवढ्यावरून ती छापील ठरत नाही. पेटी छापील असल्याचा हाच आक्षेप माझ्या थोरल्या बंधूंनी वीस वर्षे लावून धरला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वडील १९८४ साली प्रशिक्षणासाठी मॉस्कोला गेले होते. येताना त्यांनी तळहाताएवढी, बाहेरून काळी आणि आतून लाल अशी पेटी आणली. झाकणावर वरच्या कोपऱ्यात इवान सोनेरी सफरचंदांच्या झाडाखाली अग्निपक्ष्याची शेपटी पकडतो आहे आणि मध्यभागी तोच इवान राजकन्या येलेनाला घेऊन लांडग्यावरून निघाला आहे. वडिलांच्या एका सहकाऱ्यांनीही तशीच पेटी आणली होती. ती पाहिल्यापासून बंधू म्हणू लागले की, हे कागदी चित्र चिकटवून वर रोगण फासलेले आहे आणि वडील फसले आहेत. ते वडिलांच्या तोंडावर असे बोलत आणि वडील उत्तर न देता पेटी कपाटात ठेवून देत. ते मला आजही लागते.

वडील गेल्यानंतर मी त्या सहकारी काकांकडून त्यांची पेटी मागून आणली, दोन्ही पेट्या खिडकीजवळ शेजारी ठेवल्या आणि घड्याळजीच्या भिंगातून पाहिल्या. आमच्या लांडग्याच्या मानेवर केसाएवढ्या बारीक सोन्याच्या रेषा होत्या, प्रत्येक रेषा सुरुवातीला जाड आणि टोकाला निमुळती. काकांच्या लांडग्याची मान अधिक वाकलेली होती आणि रेषा कमी होत्या. आमच्या इवानच्या बुटाची एक रेषा किंचित चुकून तिच्यावर दुसरी ओढलेली होती. छपाईचे ठिपके कुठेही नव्हते. झाकण तिरपे धरले की सोने रंगाच्या वर उठून दिसत होते.

विषय तोच का, याचे उत्तर पालेखच्या इतिहासात आहे. इवानोवो प्रांतातल्या या गावात पिढ्यान्‌पिढ्या चर्चसाठी संतांची चित्रे रंगवली जात आणि ती ठरलेल्या रचनेतच रंगवायची असत. १९१७च्या क्रांतीनंतर ते काम बंद पडले, तेव्हा इवान गोलिकोव यांच्यासारख्या चित्रकारांनी तीच कला पेट्यांवर आणली आणि १९२४ साली आपली सहकारी संस्था स्थापन केली. एका चौकटीत दोन प्रसंग दाखवणे हेही त्या जुन्या चित्रांतूनच आले आहे. ज्या परंपरेत ठरलेली रचना पुन्हा रंगवणे हेच शिक्षण होते, तिथे पुनरावृत्तीला नक्कल म्हणणे हे अज्ञान आहे, आणि हे मी बंधूंनाही याच शब्दांत सांगितले.

पेटी लाकडाची नसते. पुठ्ठ्याचे थर खळीने चिकटवून दाबतात, जवसाच्या तेलात मुरवतात आणि भट्टीत वाळवतात. त्यामुळे ती हातात हलकी लागते. रंग अंड्याच्या बलकात कालवतात. सोन्याचा वर्ख डिंकात बोटाने खलून त्याने रेषा काढतात आणि त्या लांडग्याच्या दाताने घोटून चमकवतात. आपण पाहिलेल्या पेटीवर भिंगातून ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती सोडून द्यावी.

मात्र छापील चित्रावर हाताने थोडे सोने फिरवलेल्या पेट्याही विकल्या जातात, म्हणून केवळ सोने पाहून भुलू नये. चित्रातल्या चेहऱ्यांवर आणि हातांवर ठिपके आहेत का, ते तपासावे. शिवाय हे सारे पालेखला लागू आहे. मॉस्कोजवळच्या फेदोस्किनो गावच्या पेट्या तैलरंगात असतात, तिथे सोन्याच्या रेषा शोधत बसू नये. किमतीबद्दल मी सांगू शकणार नाही, कारण आमची पेटी विकण्याचा विचार घरात कोणी केलेला नाही. बंधूंनी भिंगातून बराच वेळ पाहिले, काही बोलले नाहीत, आणि जाताना ती पेटी कपाटात न ठेवता वडिलांच्या फोटोसमोर ठेवली. ती तिथेच आहे.